शृंगारपूरची वाट आणि एका दिवसाचा हिशेब

सकाळी चढून संध्याकाळी खाली यायचं, असा जंगलातला डोंगर ठरवला की सहा प्रश्नांची उत्तरं आधी लागतात. सुरुवात कुठून करायची? महिना कोणता? पाणी कुठे मिळेल? किती वाजता परत फिरायचं? सोबत कोण? आणि परवानगी कोणाची? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे प्लॅन म्हटलं की आधी शीट उघडतो आणि हे सहा प्रश्न सहा रकान्यांत टाकतो. मग नकाशा, मग गाडी, मग डबा.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या प्रचितगडासाठी असे रकाने भरायला घेतले, तर एक गोष्ट लवकरच लक्षात येते. हे प्रश्न ट्रेकर लोकांनी काढलेले नाहीत. बंदरावरून माल आणणाऱ्या व्यापाऱ्यानं, किल्ला सांभाळणाऱ्या हवालदारानं, चाल करून येणाऱ्या सरदारानं, सगळ्यांनी याच डोंगराला हेच प्रश्न विचारले होते. त्यांच्या उत्तरांवर कधी नफा अवलंबून होता, कधी राज्य. आपण जिला ‘ट्रेकची वाट’ म्हणतो ती त्यांच्या उत्तरांतून मळलेली आहे. म्हणून हा लेख प्रचितगडाच्या एका दिवसाच्या चढाईबद्दल आहे आणि त्याच वेळी त्या सहा रकान्यांच्या इतिहासाबद्दलही.

सुरुवात कुठून?

प्रचितगड संगमेश्वर तालुक्यात आहे. कोकणातून जायचं तर पायथ्याचं गाव शृंगारपूर. संगमेश्वरहून कसबा, नायरी असं करत रस्ता शृंगारपुरात येतो आणि तिथे संपतो. गावाच्या तीन बाजूंना सह्याद्रीच्या भिंती. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, पुढे काहीच नाही. जग इथेच संपलं.

नकाशा थोडा लहान करून बघितला की उलटं चित्र दिसतं. संगमेश्वरला शास्त्री नदी आहे. ती जयगडच्या खाडीतून समुद्राला मिळते. खाडी गाळानं भरायच्या आधी भरतीच्या पाण्यावर मालाची गलबतं बरीच आत, संगमेश्वरच्या दिशेनं येत. जिथे होडी थांबते तिथे बाजार बसतो. बाजारातून पुढे माल जायचा तो बैलांच्या पाठीवर आणि माणसांच्या डोक्यावर. कोकणातून वर मीठ, नारळ, सुकी मासळी. घाटावरून खाली धान्य, गूळ, कापड. या देवाणघेवाणीसाठी रत्नागिरीच्या डोंगररांगेत ओळीनं घाटवाटा होत्या: कुंभार्ली, मळे, तिवरे, कुंडी, आंबा, अणुस्कुरा. काही रुंद होत्या आणि त्यांवरून लमाणांचे तांडे जात. काही इतक्या अरुंद की एका मागे एक चालावं लागे.

कसब्यातलं कर्णेश्वराचं कोरीव देऊळ बघताना हे ध्यानात ठेवलं पाहिजे. आज शांत वाटणाऱ्या त्या गावात एवढं देऊळ उभं करण्याइतका पैसा एके काळी होता, आणि तो पैसा खाडी आणि घाट यांच्या मधल्या जागेत तयार होत होता.

मग शृंगारपूर महत्त्वाचं का, हे वेगळं सांगावं लागत नाही. घाटाच्या तोंडाशी बसलेला माणूस जकात घेतो, बातमी घेतो, आणि वेळ आली तर वाट अडवतो. आदिलशाहीच्या काळात ही जागा सुर्व्यांच्या ताब्यात होती. प्रचितगड या सगळ्याच्या डोक्यावर बसलेला पहारेकरी. एका बाजूला कोकण, दुसऱ्या बाजूला घाटमाथा.

म्हणून पहिल्या रकान्यात ‘शृंगारपूर’ लिहिताना आपण गाडी लावायची सोयीची जागा निवडत नसतो. ती निवड काही शतकांपूर्वीच झालेली आहे. आपण फक्त कोकण रेल्वेनं ‘संगमेश्वर रोड’ला उतरतो. १९९८मध्ये सुरू झालेली ही रेल्वे त्या जुन्या वाटेची सगळ्यात नवी जोडवाट म्हणायची.

महिना कोणता?

२९ एप्रिल १६६१. शिवाजी महाराजांनी शृंगारपूर घेतलं ती ही तारीख.

त्याआधीची घटना कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात आली आहे. परमानंद महाराजांचा समकालीन होता. राजापूरच्या स्वारीच्या वेळी तानाजी मालुसरे आणि पिलाजी नीळकंठ यांना फौजेसह संगमेश्वरात ठेवलं होतं. शृंगारपूरच्या सूर्यराव सुर्व्यानं त्यांच्यावर रात्री हल्ला केला. पिलाजी घाबरून पळू लागला, तेव्हा तानाजीनं त्याला पकडलं, दोरानं दगडाला बांधलं आणि स्वतः लढून हल्ला परतवला. बातमी कळल्यावर महाराज शृंगारपुरावर चालून आले. सूर्यराव पळून गेला होता. राजधानी जवळजवळ न लढताच हाती आली.

आपण या कथेत तानाजीचा दोर लक्षात ठेवतो. प्लॅन करणाऱ्यानं तारीख लक्षात ठेवावी. एप्रिलअखेर म्हणजे कोकणात घामानं निथळायचे दिवस. हौसेनं डोंगर चढायला कोणी तेव्हा जाणार नाही. पण फौजेचा हिशेब वेगळा. पुढच्या पाच-सहा आठवड्यांत पाऊस येणार. एकदा पाऊस आला की ओढ्यांना पूर, नद्यांना उतार नाही, घाटात शेवाळ. सुर्व्यासारखा शत्रू पाठीशी ठेवून पावसाळ्यात शिरायचं म्हणजे चार महिने त्याला मोकळीक द्यायची. जे करायचं ते मृगाच्या आधी.

या डोंगराचं वर्ष असं दोन तुकड्यांत आहे. मान्सूनचे ढग या भिंतीवर येऊन आदळतात. माथ्यावरचा पाथरपुंजचा परिसर तर राज्यातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या जागांमध्ये मोजला जातो. पावसाळ्यात शृंगारपूरच्या वाटेवर जळवा असतात, दगड निसरडे असतात, आणि ओढा दुपारपर्यंत केव्हा फुगेल याचा नेम नसतो. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओढा परतीच्या वाटेवर कमरेच्या वर असू शकतो. मार्च ते मे उष्मा, आटलेलं पाणी आणि वणव्याची भीती. उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी, पहाट थंड, दृष्टी लांब.

जुन्या फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत, ती नुसती रीत नव्हती. वाटा कोरड्या होण्याचं ते पंचांग होतं. आपला ट्रेकचा हंगाम तोच आहे.

पाणी कुठे?

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर ओळखलं जाणारं ‘आज्ञापत्र’ १७१५च्या सुमारासचं. राज्यकारभाराच्या या ग्रंथात किल्ल्यांवर एक मोठं प्रकरण आहे. ते वाचताना वाटतं, लिहिणारा माणूस गड अनेकदा पायी चढला असणार.

त्यातलं पहिलं सांगणं पाण्याबद्दल आहे. गड बांधायच्या आधी पाणी बघा. पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल, तर आधी खडक फोडून टाकी, तळी करा. एखादा झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नका, कारण लढाईत तोफांच्या दणक्यानं झऱ्यांचं पाणी कमी होतं. म्हणून साठा वेगळा ठेवा आणि तो जपून वापरा.

आमच्या क्षेत्रात ज्याला बॅकअप म्हणतात तेच हे. एकाच स्रोतावर विसंबायचं नाही.

प्रचितगडावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. सह्याद्रीचा खडक बसाल्ट. त्यात पाणी सहज मुरत नाही, म्हणून खोदलेलं टाकं पावसाचं पाणी धरून ठेवतं. खोदताना निघालेला दगड तटबंदीला लागतो, म्हणजे एका कष्टात दोन कामं. पण टाकं सांभाळायला माणूस लागतो. गाळ काढायचा, पालापाचोळा उपसायचा, गुरं आत उतरू द्यायची नाहीत. गडावर शिबंदी होती तोवर हे कोणाचं तरी रोजचं काम होतं. १८१८मध्ये पेशवाई संपली, किल्ले कंपनीकडे गेले आणि शिबंदीच्या नोकऱ्या संपल्या. त्यानंतर टाकी ऋतूच्या भरवशावर राहिली.

म्हणून प्लॅनमध्ये पाणी दोनदा लिहावं. एकदा ‘गडावर टाकं आहे’ आणि एकदा ‘माणशी तीन ते चार लिटर खालून न्यायचं’. पहिली ओळ इतिहास सांगतो. दुसरी ओळ तो इतिहास आता कोणी सांभाळत नाही म्हणून. टाक्याचं पाणी प्यायचंच झालं तर गाळून, शुद्ध करून. आणि त्यात पाय धुवायचे नाहीत. उन्हाळ्यात त्याच पाण्यावर जनावरं येतात.

किती वाजता परत फिरायचं?

१८९२मध्ये विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं डोंगरातल्या वेळेचा एक सोपा नियम मांडला. सपाटीवर दर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. आज फोनमधले नकाशे चालायला किती वेळ लागेल ते सांगतात, त्यांच्या अंदाजांमागे असाच कुठलातरी नियम किंवा त्याची सुधारलेली आवृत्ती असते.

उदाहरणादाखल सहा किलोमीटर चाल आणि आठशे मीटर चढ धरा. सपाटीचा सव्वा तास, चढाचा सव्वा-दीड तास. नेस्मिथच्या हिशेबानं आपण अडीच-पावणेतीन तासांत वर. शृंगारपूरकडून प्रचितगड चढणारे लोक मात्र चार-पाच तास धरून चालतात. नियम चुकीचा नाही. तो दुसऱ्या डोंगरांचा आहे. स्कॉटलंडच्या टेकड्या उघड्या, हवा गार. इथे कारवीचं रान, दमट हवा, घसाऱ्यावर पसरलेला सुका पाला. पाल्याखाली दगड आहे की खळगा ते पाय टाकल्यावरच कळतं. वर कड्याखालून जाणारी अरुंद वाट, आणि शेवटी लोखंडी शिडी. मूळच्या पायऱ्यांची वाट तुटलेली आहे, तिच्या जागी ही शिडी. शिडीवर एका वेळी एकच जण. दहा जणांचा गट असेल तर चढताना अर्धा तास आणि उतरताना अर्धा तास तिथेच जातो. हा तास कुठलंही ॲप धरत नाही.

आता उजेडाचा हिशेब. डिसेंबर-जानेवारीत इथे दिवस साधारण अकरा तासांचा. सकाळी सात-सव्वासातला उजाडतं, संध्याकाळी सहा-सव्वासहाला सूर्य बुडतो. पण दाट झाडीत आणि डोंगराच्या कुशीत अंधार अर्धा तास आधी येतो. सातला निघालात, साडेअकरा-बाराला वर पोचलात, तर दीड वाजता परत फिरणं ही शेवटची वेळ. एक वाजता वाट अर्धीच झाली असेल तर तिथून परत फिरायचं. गड कुठे जात नाही.

हा नियम काही नवा नाही. संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद होत आणि मग आतला आत, बाहेरचा बाहेर. रायगडावरच्या हिरकणीची आख्यायिका याच नियमावर उभी आहे. आपल्या लहानपणी ती आईच्या धाडसाची गोष्ट म्हणून सांगितली गेली, आणि ती तशी आहेच. पण तिच्या पोटात वेळापत्रक आहे. सूर्य मावळला की डोंगराचा कारभार बदलतो. पहारे, मशाली, कुलपं. त्या काळी अंधारानंतर वाटेवर असलेला माणूस एकतर शत्रू नाहीतर संकटात. आजही जंगलात अंधार पडल्यावर वाटेवर असलेला गट संकटातच असतो, फक्त त्याला ते थोडं उशिरा कळतं.

सोबत कोण?

‘छावा’ सिनेमानंतर संगमेश्वर हे नाव नव्यानं सगळ्यांच्या तोंडी आलं. १ फेब्रुवारी १६८९ला छत्रपती संभाजी महाराज आणि कवी कलश इथे मुघलांच्या हाती सापडले. पुढे ११ मार्चला औरंगजेबानं त्यांना हाल करून ठार मारलं.

या घटनेवर बोलताना आपण बहुतेक वेळा फितुरी कोणी केली या वादात अडकतो. मला इथे तिच्यातला भूगोल बघायचा आहे, कारण हा मुलूख महाराजांना परका नव्हता. येसूबाई शृंगारपूरच्या शिर्के घराण्यातल्या. १६७६मध्ये शिवाजी महाराज कर्नाटकच्या स्वारीवर निघाले तेव्हा शंभूराजांना शृंगारपुरात ठेवलं होतं आणि प्रभानवल्लीचा कारभार त्यांच्याकडे होता. डोंगर, घाट, वाटा, सगळं पायाखालचं.

चालून आला मुकर्रबखान. त्याची छावणी कोल्हापूरकडे होती. ‘मासिर-इ-आलमगीरी’ हा औरंगजेबाच्या कारकिर्दीचा इतिहास कोल्हापूर ते संगमेश्वर हे अंतर ४५ कोस सांगतो, आणि मधल्या घाटाचं, दाट जंगलाचं वर्णन करतो. घाट उतरण्याची जागा म्हणून आंबा घाटाचं नाव घेतलं जातं. हेरांकडून बातमी मिळाल्यावर खान सगळं सैन्य घेऊन निघाला नाही. त्यानं निवडक स्वार घेतले, ओझं मागे ठेवलं आणि न थांबता आला. मुघल इतिहासकारांच्या म्हणण्यानुसार खान येतोय ही वर्दी संगमेश्वरात पोचली होती, पण एवढ्या वेगानं, एवढ्या जंगलातून मुघल फौज येऊ शकेल यावर विश्वास ठेवला गेला नाही. हे शत्रूकडच्या लेखकांचं लिहिणं आहे, ते सावधपणेच वाचायचं. पण एक गोष्ट कोणत्याही बाजूनं वाचली तरी तशीच राहते. सह्याद्री ही भिंत आहे, असा सगळ्यांचा समज होता. वाट माहीत असणाऱ्यासाठी ती भिंत नव्हती.

१६६१ आणि १६८९ या दोन तारखा मी शेजारी शेजारी ठेवतो तेव्हा मला हेच दिसतं. पहिल्यांदा वाटा जाणणारे स्वराज्याच्या बाजूनं होते, शृंगारपूर पडलं. दुसऱ्यांदा वाटांची माहिती शत्रूकडे पोचली, आणि राजा गेला. मधल्या अठ्ठावीस वर्षांत डोंगराची उंची बदलली नव्हती. बदललं होतं ते फक्त माहितीचं ठिकाण.

आपली माहिती आज फोनमध्ये असते. कोणीतरी चालून गेलेल्या वाटेची जीपीएक्स फाइल आपण उतरवून घेतो आणि निळ्या रेषेच्या मागे जातो. ती रेषा उपयोगाची आहे, मीही घेतो. पण ती काय आहे हे समजून घ्यावं. एका माणसाच्या, एका दिवसाच्या पावलांचा तो ठसा. दाट झाडीखाली आणि कड्याला लागून जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतो. मोकळ्या मैदानात ते चालून जातं. कड्याच्या कडेनं जाणाऱ्या वाटेवर ते काही मीटर म्हणजेच सगळा फरक. शिवाय फाइल गेल्या वर्षीची, आणि पावसाळा मधे होऊन गेलेला. दरड आली असेल, झाड पडलं असेल, कारवी वाढून वाट बुजली असेल. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशेही वाट तुटक रेषेनं दाखवतात, पण ती रेषा सर्वेक्षणाच्या वर्षाची.

गावातल्या माणसाकडे मात्र या वर्षीची माहिती असते. कोणता ओढा आटला, गवे सध्या कुठे उतरतात, अस्वल कोणत्या बाजूला दिसलं, शिडीचा कोणता दांडा हलतो. खालच्या गावातला वाटाड्या घ्यावा असं सगळेच सांगतात आणि बरेच जण तो खर्च म्हणून शेवटी कापतात. तो खर्च आहे म्हणून घ्यायचा नसतो. वाट ज्याच्या पायात आहे असा माणूस आता गावात मोजकाच उरलेला असतो. तरुण मुलं मुंबईत, पुण्यात. त्याच्याबरोबर चालणं म्हणजे वाट पुढच्या वर्षापर्यंत जिवंत ठेवणं. ठरवलेले पैसे पूर्ण द्यावेत, जेवणाचं आधी सांगावं, आणि तो ‘आता परत’ म्हणाला की वाद घालू नये.

परवानगी कोणाची?

शेवटचा रकाना सगळ्यात नवा वाटतो, पण त्याचंही मूळ जुनं आहे. ‘आज्ञापत्रा’तच गडाभोवतालच्या झाडीबद्दल सक्त सांगणं आहे. गडाच्या आसपासची झाडी प्रयत्नानं वाढवावी, तिच्यातली काडीही तोडू देऊ नये. गडावर येणारी वाट सोपी असेल तर ती मोडावी, तिथे झाडी वाढवावी आणि अवघड जागेतून दुसरी वाट काढावी. म्हणजे आज आपण ज्याला ‘व्हर्जिन जंगल’ म्हणून फोटोखाली लिहितो, त्यातलं काही जंगल कोणे एके काळी संरक्षणखात्याचं काम होतं. झाडी हा तटाचाच भाग. अवघड वाट ही चूक नव्हती, ती रचना होती.

नंतर जंगलाचे मालक बदलले. ब्रिटिश काळात वनकायदे आले आणि लाकूड मोजलं जाऊ लागलं. रत्नागिरी जिल्ह्यात तर बहुतेक जंगल खाजगी मालकीचं राहिलं आणि सरपणासाठी, कोळशासाठी, इमारतींसाठी तुटत राहिलं. कड्याच्या वरच्या अंगाला मात्र वेगळी गोष्ट घडली. वारणेवर चांदोलीचं धरण झालं, १९८५मध्ये चांदोली अभयारण्य, २००४मध्ये राष्ट्रीय उद्यान. २०१०मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२मध्ये ही दोन्ही जंगलं पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. प्रचितगड या संरक्षित जंगलाच्या हद्दीत येतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे, आणि त्यानुसार अशा जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही. केव्हा, कोणाला, किती जणांना सोडायचं हे नियम बदलत राहतात. म्हणून निघायच्या काही दिवस आधी विचारणा करायची, आणि परवानगी नसेल तर दुसरा डोंगर शोधायचा. ‘गावातून गुपचूप जाता येतं’ हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. पकडले गेल्यावर मात्र प्रश्न गावकऱ्याला विचारले जातात.

पण या रकान्यात परवानगीपेक्षा मोठं काहीतरी आहे. चांदोलीतून गावं हलवली गेली. माथ्यावर गोठणे, रुंदीव अशी गावं होती, गवळी-धनगरांचे वाडे होते. माथ्यावरून लोक दूध-तूप, धान्य घेऊन खाली बाजाराला येत, खालून मीठमिरची वर जाई. सोयरीक वर-खाली होती. देव वर-खाली होते. वाटेला दोन टोकं होती आणि दोन्ही टोकांना चूल पेटत होती. आता वरच्या टोकाची चूल विझली. ज्यांना उठवलं गेलं त्यांच्यापैकी अनेकांची नव्या जागी जमिनीसाठी, पाण्यासाठी वर्षानुवर्षं ओढाताण झाली. दुसऱ्या बाजूला, ज्या शेतांत नाचणी पिकत होती तिथे आज गवे चरतात, शेकरू घरटी बांधते, वाघाला फिरायला मोकळं रान मिळतं. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि एकानं दुसरं पुसलं जात नाही.

माणसं नाहीत म्हणजे वाटेला आता कामच उरलं नाही. मीठ वर जात नाही, निरोप खाली येत नाही, जकात नाही, पहारा नाही. वर्षातून काही गट गडावर जातात, एवढंच तिचं कारण. इतिहासात पहिल्यांदाच ही वाट फक्त हौशीवर जगते आहे. आणि हौस ही वाट जगवूही शकते, बिघडवूही शकते. शंभर जणांचा गट, मोठ्यानं गाणी, टाक्यात बाटल्या, शिडीवर धक्काबुक्की, कड्यावर ड्रोन. अशा दोन-तीन रविवारांनंतर वनखातं दार लावून घेईल, आणि ते योग्यच असेल.

म्हणून माझ्या शीटमध्ये प्रचितगडासमोर आकडा सहाच्या वर जात नाही. सहा माणसं, एक वाटाड्या. डिसेंबर किंवा जानेवारी, जमल्यास आठवड्यातला मधला दिवस. आदल्या रात्री मुक्काम खाली. निघायची वेळ सात, परतीची शेवटची वेळ दीड. माणशी चार लिटर पाणी, प्रत्येकाकडे टॉर्च, एक दोर, प्रथमोपचाराची पेटी. नेलेला सगळा कचरा खाली परत. गावात एका घरी आपली नावं आणि परतायची वेळ सांगून ठेवलेली, कारण कड्याखाली रेंज नसते आणि उशीर झाला तर शोधायला तेच घर निघणार असतं.

वर भैरी-भवानीच्या देवळाजवळ पोचाल तेव्हा कोकणाकडे तोंड करून बसा. शास्त्रीचं खोरं दिसतं, त्याच्या पलीकडे हवा स्वच्छ असेल तर समुद्राचा भास. मग उठून पूर्वेकडे बघा. जंगलच जंगल. त्या जंगलात जुन्या गावांची जोती आहेत, देवळांचे चौथरे आहेत, माणसानं लावलेले आंबे-फणस आहेत. आंब्याला अजून मोहर येतो. फळं माकडं खातात, गवे खातात. तिकडे जायला वाट आहे का, असं वाटाड्याला विचारलंत तर तो आधी त्या दिशेला बघेल, आणि मग बहुधा सांगेल की होती.